मोठ्यांचं धर्मशिक्षण: दृढीकरणानंतर पुढे काय?

वाडीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार. वसई धर्मप्रांतातल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) राहतो. नाव देत नाही, कारण इथे आडनाव आणि आळी सांगितली की लोक पणजोबांपर्यंत पोचतात. यंदा पाळकीय परिषदेवर (धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळावर) निवडून आलो आणि पहिल्याच बैठकीत 'प्रौढांचं धर्मशिक्षण' हे खातं माझ्या गळ्यात पडलं. सण, बँड, मैदान ही खाती अर्ध्या मिनिटात वाटली गेली होती.

परिस्थिती सांगतो. मुलांचे रविवारचे वर्ग नीट चालतात. प्रथम कम्युनियन होतं (मूल पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतं), मग दृढीकरण (बाप्तिस्म्यातला विश्वास पक्का करणारा संस्कार). दृढीकरणाचा फोटो भिंतीवर लागला की पोरगं वर्गातून कायमचं सुटतं. पुढची गाठ लग्नाआधीच्या शिबिरात, तीही सर्टिफिकेटपुरती. त्यानंतर मरेपर्यंत रविवारचं प्रवचन. पन्नाशीचा माणूस सोसायटीचे हिशेब तपासतो, सातबारा वाचतो, मुलाची परदेशी जायची कागदपत्रं स्वतः करतो. देवाबद्दल मात्र नववीत जे पाठ केलं त्यावरच त्याचं भागतं. म्हणजे घरात काही अघटित घडेपर्यंत भागतं.

गेल्या प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत) दर शुक्रवारी व्याख्यानमाला ठेवली. बाहेरून विद्वान धर्मगुरू आणले, प्रोजेक्टर लावला, विषय 'संस्कारांचे ईशज्ञान'. पहिल्या शुक्रवारी सभागृह भरलं. शेवटच्या शुक्रवारी क्रूसाच्या वाटेच्या भक्तीला आलेल्या आजीबाई तेवढ्या बसून होत्या, आणि त्या व्याख्यान नसतं तरी बसल्या असत्या.

बैठकीत कारण सांगितलं गेलं की लोकांना आस्था नाही. मला पटत नाही. हेच लोक नऊ दिवस नोव्हेनाला उभे राहतात. केरळात मुरिंगूरच्या रिट्रीट केंद्रात (आपल्याकडे सगळे 'पोटा'च म्हणतात) आठवडाभराची रजा काढून जातात.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. वेळ कोणती, कोण घेतं, कशावर बोलता, माणसं टिकतात का. इतर पंथांच्या आणि धर्मांच्या मंडळींनीही लिहावं.

---

जुनी_धर्मशिक्षिका

मी बरीच वर्षं कम्युनियनच्या मुलांना शिकवते. माझं म्हणणं एवढंच की मोठ्यांसाठी वेगळा दरवाजा शोधत बसू नका. मुलाला सोडायला आलेले आईबाप देवळाच्या आवारात स्कूटरवर बसून मोबाइल बघत असतात, ते तुमचे विद्यार्थी.

आमच्याकडे असं केलं: मुलं वर्गात असतात त्याच वेळात आईबापांना शेजारच्या खोलीत बसवायचं. पहिल्या खेपेला सगळे तोंडं पाडून आले. त्यांना वाटलं फी वाढली किंवा पांढऱ्या ड्रेसचं काहीतरी असेल. मी फळ्यावर काही लिहिलं नाही. विचारलं, "तुमचं मूल देवाबद्दल तुम्हाला काय विचारतं, ज्याचं उत्तर देता येत नाही?"

कोणी बोलेना. मग एक बाप म्हणाला, "आमचा बारका विचारतो, आजोबा कुठे गेले. मी म्हटलं, वर. तो म्हणाला, आपण विमानातून गेलो तेव्हा दिसले नाहीत." सगळे हसले. हसून झाल्यावर तोच बाप म्हणाला, "बाई, पण खरंच, मला तरी कुठे माहीत आहे?" आणि मग बांध फुटला. एकीचं मूल पोटातच गेलं होतं, त्याचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) झाला नाही, तर ते कुठे असेल, हे ती इतकी वर्षं मनात धरून होती. एकाने विचारलं, आत्मा जर स्वर्गात गेला तर दर रविवारी आपण 'देहाचे पुनरुत्थान' कशाला म्हणतो?

हा प्रश्न व्याख्यानमालेत तिसऱ्या शुक्रवारी आला असता तर लोक झोपले असते. इथे तो एका माणसाच्या तोंडून, त्याच्या बापाच्या मरणावरून आला. मग मी विश्वासांगीकार (दर रविवारी म्हणतो तो) काढला, पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय काढला, आणि त्यांनी तो वाचला. आपण होऊन. पुढच्या रविवारी आईबाप मुलांच्या आधी आत आले होते.

---

पापडी_ते_चर्चगेट

वेळेवरून बोलतो. मी संध्याकाळी घरी पोचतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात, विरार गाडीत अंगाचा लगदा झालेला असतो. आठवड्यातली संध्याकाळची कुठलीही सभा म्हणजे निवृत्त माणसं आणि ज्यांची दुकानं गावात आहेत ती माणसं. रविवारी मिस्सा (देवळातली उपासना) सुटल्यावर लगेच, तिथल्या तिथे, चहा देऊन, फार तर पाऊण तास. त्यापलीकडे गेलात तर मटण आणायला जाणारे उठतील.

आणि एक गोष्ट, जी पाळकीय परिषदेत कोणी बोलत नाही. मी मध्यंतरी एका पेंटेकोस्टल गटात जात होतो. ऑफिसातल्या मित्राने विचारलं, "तुमची जपमाळ बायबलमध्ये कुठे आहे?" मला उत्तर आलं नाही. राग आला, तो त्याचा नाही, माझाच. दहा वर्षं वर्गात बसलो आणि एवढं सांगता येऊ नये? त्याच्याबरोबर गेलो. तिथे त्यांनी माझ्या हातात बायबल दिलं, एक उतारा वाचायला लावला आणि विचारलं, "ब्रदर, यातून तुला काय वाटतं?" हा प्रश्न देवाच्या बाबतीत मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. परत आलो तो मिस्सेसाठी, ख्रिस्तप्रसादाशिवाय राहवेना म्हणून. पण तो प्रश्न विचारणारं इथे अजून कोणी भेटलेलं नाही.

---

निवृत्त_मास्तर

@पापडी_ते_चर्चगेट, तुमच्या मित्राला सांगा, लूकचं शुभवर्तमान, पहिला अध्याय. 'नमो मारिया'चा पहिला अर्धा भाग देवदूत गब्रिएल आणि अलिशिबा यांच्या तोंडचा आहे, ओव्या २८ आणि ४२. आणि मणी ओढताना ज्या रहस्यांवर मनन करायचं ती बहुतेक शुभवर्तमानांतलीच आहेत. आपण मणी ओढतो, मनन गाळतो.

धागाकर्त्यासाठी थोडा इतिहास, कारण परिषदेत 'ही नवीन फॅशन कशाला' असं म्हणणारे निघतीलच. मोठ्यांना शिकवणं हीच मूळ रीत. पहिल्या शतकांत ख्रिस्ती व्हायला येणारे बहुतेक प्रौढ असत आणि स्नानसंस्काराआधी त्यांची तयारी कित्येकदा तीन तीन वर्षं चाले. ट्रेंटच्या परिषदेनंतर १५६६ साली जो धर्मशिक्षणाचा ग्रंथ निघाला तो मुलांसाठी नव्हता. धर्मगुरूंनी लोकांना काय समजावून सांगायचं यासाठी होता. १५ एप्रिल १९०५ ला पोप दहावे पायस यांनी 'आचेर्बो निमिस' हे परिपत्रक काढलं. त्यात धर्मगुरूंना हुकूम आहे की मुलांचा तास वेगळा, प्रवचन वेगळं, आणि त्याशिवाय मोठ्यांनाही नेमाने शिकवा. विश्वासांगीकार, संस्कार, दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, ख्रिस्तसभेचे नियम हे सारं चार-पाच वर्षांत पुरं करा. १९७१ च्या व्हॅटिकनच्या निर्देशिकेत प्रौढांचं धर्मशिक्षण हे धर्मशिक्षणाचं मुख्य रूप म्हटलं आहे, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. १९८३ च्या धर्मविधीसंहितेत कलम ७७६ आहे, त्यात प्रमुख धर्मगुरूंवर मुलं, तरुण आणि प्रौढ या तिघांच्याही शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. ऐच्छिक उपक्रम म्हणून नव्हे.

आणि आपल्या भाषेतलं उदाहरण. गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेलं फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण. त्याच्या आरंभीच प्रसंग आहे: तिथल्याच साष्टीत देवळात धर्मशिक्षण चालू असताना एक नवख्रिस्ती उठून विचारतो की तुम्ही शिकवता ते ठीक, पण आमची आधीची पुराणं बंद केलीत, आता वेळ घालवायला, मन रमवायला त्या जागी काहीतरी द्या की. त्या मागणीतून दहा हजारांवर ओव्या झाल्या. वर्गात बसलेल्या मोठ्या माणसाने तोंड उघडलं म्हणून मराठीला तो ग्रंथ मिळाला.

---

पापडी_ते_चर्चगेट

मास्तर, दंडवत. ओव्या २८ आणि ४२ मोबाइलमध्ये लिहून घेतल्या.

---

तटस्थ

मी हिंदू, शेजार सगळा ख्रिस्ती. बाहेरून बघताना एक वाटतं. आमच्या गावी हरिनाम सप्ताह असतो, ज्ञानेश्वरीचं पारायण असतं, रात्री कीर्तन. माझे वडील चौथी शिकलेले, पण ज्ञानेश्वरीतल्या ओवीवर वाद घालत. त्याला कोणी 'प्रौढांचं शिक्षण' म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर ते गेलेच नसते. वर्ग म्हटला की तिथे नापास होणं आलं. तुमच्याकडे असं काही नाही का?

---

नगरकर_ख्रिस्ती

@तटस्थ, आहे ना, पण आमच्या बाजूला जास्त. मी अहिल्यानगरचा, घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा आहे: पूर्वरंग, उत्तररंग, पेटी, टाळ सगळं, फक्त आख्यान बायबलमधलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ती मंडळीला अभंग, पदं दिली. ती आमच्या आज्यांना मुखपाठ होती. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही त्या पदांतून कृपा म्हणजे काय ते कळत होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, ते अशाच बायकांसाठी.

आजही मंडळीत मोठ्यांचा शब्बाथशाळेचा वर्ग असतो, आठवड्यातून एकदा कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते, महिला मंडळाच्या बायबलच्या परीक्षा असतात. त्यामुळे वचन कुठे आहे ते आमच्या माणसाला पटकन सापडतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. वचनं तोंडपाठ असलेली माणसंच मंडळीच्या मिळकतीवरून एकमेकांना कोर्टात खेचतात. तेही वचनं देऊनच. तेव्हा कॅथलिक बांधवांनी आमचा हेवा करू नये.

---

शंकेखोर

सगळ्यांचं छान चाललंय, थोडं पाणी ओततो.

'तुला काय वाटतं' हा प्रश्न गोड आहे, पण त्याचं पुढे काय होतं ते मी छोट्या ख्रिस्ती समूहाच्या (शेजारपाजारच्या प्रार्थनागटाच्या) बैठकांत पाहिलंय. उतारा वाचतात, मग ज्याला जे वाटेल ते. एक काका दर वेळी स्वतःच्या बायपासची गोष्ट सांगतात. एक ताई सुनेवर येतात. मागे पवित्र त्रैक्यावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) एकाने जे सांगितलं ते चौथ्या शतकात परिषद भरवून मोडून काढलेलं मत होतं, आणि बाकीचे माना डोलावत होते. मग चहा. याला धर्मशिक्षण म्हणायचं? वाटण्याला काही आकार नको? मास्तरांनी सांगितलेला चार-पाच वर्षांचा क्रम मला जास्त पटतो.

---

जुनी_धर्मशिक्षिका

@शंकेखोर, बायपासवाले काका प्रत्येक समूहात एक असतात, ती दैवी योजना असावी.

पण त्यासाठीच तर पद्धत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने बसवलेली सात पायऱ्यांची बायबलवाचनाची रीत आपल्याकडे समूहांसाठीच आली: प्रभूला बोलावणं, उतारा वाचणं, त्यातला एखादा शब्द किंवा ओळ मोठ्याने पुन्हा म्हणणं, शांत बसणं, जे मनाला भिडलं ते सांगणं, समूहाने करायचं एखादं काम ठरवणं, उत्स्फूर्त प्रार्थना. सांगण्याच्या पायरीवर दुसऱ्याचं खोडायचं नाही आणि प्रवचनही द्यायचं नाही. बहुतेक ठिकाणी घाईत तिसरी-चौथी पायरी गाळतात, म्हणजे शब्द आणि शांतता. ती गाळली की काकांची बायपास उरते. सहावी गाळली की समूह नुसता गप्पांचा.

त्रैक्याबद्दल तुमचं बरोबर आहे. सात पायऱ्यांमध्ये शिकवणं नाही. ते नंतर, वेगळं, जाणकाराने करायचं. दोन्ही पाहिजे.

---

शेवंती

मला वेगळंच विचारायचंय. मिस्सा सुटल्यावर पाऊण तास बसायचं म्हणता, तेव्हा घरी भात कोण टाकणार? पुरुष 'आध्यात्मिक वाढ' करून साडेदहाला येणार आणि ताट मागणार. निदान एका रविवारी तरी उलटं करून बघा.

दुसरं, विषयांचं. आपल्या भागात जमिनीला भाव आला, टॉवर आले, आणि घराघरात भाऊ भावाशी बोलेनासे झाले. बहिणींचं तर विचारूच नका. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर ख्रिस्ती बापाच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे. तरी लग्नात दिलं ना, माहेर तुटेल, असं म्हणत हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. सही घेणारा भाऊ पुढच्या रविवारी वाचनाला वेदीवर उभा असतो.

लूकच्या बाराव्या अध्यायात एक माणूस येशूला म्हणतो, "गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनात मला वाटा दे." येशू न्यायाधीश व्हायला नकार देतो आणि मोठी कोठारं बांधणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी लूकचं वर्ष होतं (रविवारची वाचनं तीन वर्षांच्या चक्राने येतात), ३ ऑगस्टच्या रविवारी हा उतारा जगभर वाचला गेला. आमच्याकडे प्रवचन झालं 'लोभ वाईट' यावर. सातबारा, हक्कसोड, बहीण, एक शब्द नाही. मोठ्यांच्या वर्गात हे बोलायची मुभा असेल तर मी येते. नसेल तर जपमाळ मी घरीही म्हणू शकते.

---

नगरकर_ख्रिस्ती

शेवंतीताई, +१. आमच्याकडेही हाच उतारा, हीच गुळमुळीत प्रवचनं.

---

वाडीवरचा (धागाकर्ता)

@शेवंती, मुभा देणारा मी कोण? पण विषय टिपून घेतला. खरं सांगायचं तर परिषदेतल्या निम्म्या लोकांच्या घरात हा वाद चालू आहे, त्यामुळे परवानगी मागायला गेलो तर मिळणार नाही. उतारा वाचायला मात्र कोणी बंदी घालू शकत नाही.

---

जर्सीसिटीकर

मूळ वसईचा, आता अमेरिकेत. इथला अनुभव उपयोगी पडेल का पाहा.

बायको साताऱ्याची, हिंदू घरातली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिने स्वतःहून ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. इथे प्रौढांसाठी दीक्षेचा रीतसर क्रम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये जुनी उमेदवारीची पद्धत पुन्हा सुरू करायला सांगितली, १९७२ ला विधी तयार झाला, आणि अमेरिकेत १९८८ पासून प्रत्येक धर्मग्रामात तो बंधनकारक आहे. आधी नुसती विचारपूस, प्रश्न. मग उमेदवार म्हणून स्वीकार. मग प्रायश्चित्तकाळात शेवटची तयारी, ईस्टरच्या रात्री जागरणविधीत स्नानसंस्कार, दृढीकरण आणि कम्युनियन एकदम. त्यानंतरही सोडत नाहीत, पुनरुत्थानकाळभर मिळालेल्या संस्कारांवर मनन चालू राहतं.

मला सगळ्यात भिडली ती एक साधी गोष्ट. रविवारी मिस्सेत प्रवचन झालं की उमेदवारांना सगळ्यांसमोर बाहेर पाठवतात, नुकतंच वाचलेलं वचन घेऊन बसायला. त्यांना अजून ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नसतो, म्हणून. मी तिच्यासोबत त्या खोलीत जाऊन बसू लागलो. ती विचारायची, "क्षमा मागणाऱ्याला लगेच क्षमा, मग ज्याचं नुकसान झालं त्याचं काय?" मी जन्माचा कॅथलिक, गप्प. तिच्या निमित्ताने माझं जेवढं शिक्षण झालं तेवढं कुठल्याही वर्गात झालं नव्हतं.

प्रत्येक उमेदवाराला एक जुना ख्रिस्ती सोबती देतात. त्या सोबत्यांचीच वाढ जास्त होते असं इथले धर्मगुरू म्हणतात. वसईत प्रौढ उमेदवार थोडे असतील, पण असतील तर त्यांना लपवून एका कोपऱ्यात तयार करू नका. सगळ्या धर्मग्रामाला त्यांच्यासोबत चालू द्या.

---

सहायक_धर्मगुरू

नाव देत नाही, वसईचाच. सकाळपासून हा धागा वाचतोय.

आमची बाजू थोडक्यात. एका धर्मगुरूच्या वाट्याला मिस्सा, पापनिवेदन, आजाऱ्यांच्या भेटी, शाळेची कमिटी, वीज बिल आणि छताची गळती येते. मोठ्यांचा वर्ग हे काम वर्षाच्या आराखड्यात असतं आणि गळती लागली की पहिलं तेच सुटतं. दुसरं म्हणजे सेमिनरीत आम्हाला बोलायला शिकवतात. वर्तुळात बसून गप्प राहायला कमी शिकवतात. मी खोलीत असलो की लोक माझ्याकडे बघून बोलतात, आणि कोणी अडलं की सगळ्या माना माझ्याकडे वळतात.

म्हणून मला असं सुचतं. वर्ग माझ्याकडे देऊ नका, वर्ग घेणारे माझ्याकडे पाठवा. सहा-सात प्रापंचिक (धर्मगुरू नसलेली माणसं) निवडा, ज्यांना ऐकता येतं असे. बोलता येणारे आपोआप येतात. गुरुवारी रात्री त्यांच्याबरोबर मी बसेन: त्या रविवारचा उतारा, त्यामागचा काळ, ख्रिस्तसभेची शिकवण काय, कुठे लोक घसरतात. @शंकेखोर, तुमचा आकार तिथे येईल. रविवारी वर्तुळ ते चालवतील, मी मागे बसेन किंवा बसणारच नाही. हातात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल घ्या, तळटीपांनी निम्मं काम होतं.

आणि विषय शोधू नका. यंदा मत्तयचं वर्ष आहे. म्हणजे प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी योहानाच्या शुभवर्तमानातली तीन लांबलचक वाचनं येतात: विहिरीवरची शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस, लाझरस. तारखा ८, १५ आणि २२ मार्च. ही तीन वाचनं प्राचीन काळापासून स्नानसंस्काराच्या उमेदवारांसाठी राखलेली आहेत, @जर्सीसिटीकर यांच्या पत्नीने ती त्याच संदर्भात ऐकली असतील. तिन्हींमध्ये माणसं येशूशी वाद घालतात, शंका काढतात, टप्प्याटप्प्याने उमगत जातात. शोमरोनी स्त्री आधी त्याला नुसता यहुदी म्हणते, मग महाराज, मग संदेष्टा. धर्मशिक्षण कसं होतं ते तिथेच दाखवलंय. आणि विमानातून न दिसलेल्या आजोबांचा प्रश्न भाऊ लाझरस वारल्यावर मार्था गावाबाहेर येशूला गाठून काढतेच आहे.

---

शंकेखोर

फादर, गुरुवारची बैठक असेल तर माझी हरकत मागे. उलट त्या सहा-सातांत मला घ्या. माझं नाव बघून नाही म्हणू नका.

---

जुनी_धर्मशिक्षिका

शंका काढणारा एक तरी हवाच. फक्त चौथ्या पायरीवर शांत बसावं लागेल.

---

वाडीवरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. परिषदेपुढे ठेवायचा कच्चा बेत असा:

व्याख्यानमाला बंद. मार्चमधले तेच तीन रविवार, सकाळची दुसरी मिस्सा सुटल्यावर, शाळेच्या दोन वर्गांत, पाऊण तास. कम्युनियनच्या मुलांचे आईबाप हा गाभा. त्याच वेळी मुलं वर्गात असतील, म्हणजे त्यांना घरी जायची घाई नाही. बाकी कोणीही यावं. उतारा, शांतता, सांगणं, आणि शेवटी एक प्रश्न घरी न्यायला. गुरुवारची तयारी आमच्या फादरांनी घ्यावी अशी विनंती करणार आहे. नाही म्हणाले तर मास्तरांना गळ घालेन. ईस्टरनंतर चालू ठेवायचं की नाही ते आलेल्या लोकांनीच ठरवावं.

लूकच्या बाराव्या अध्यायासाठी लूकच्या पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं नाही, असंही मनात आहे. जूनमध्ये पेरणीच्या आसपास, जमिनीची बोलणी जोरात असतात तेव्हा, एक रविवार त्याच उताऱ्याला. त्या दिवशी एखाद्या वकील बाईंना बोलवावं का? शेवंतीताई, तुमच्या ओळखीत कोणी आहे?

---

शेवंती

आहे, चुलत नणंद. कोर्टात उभी राहते आणि मिस्सेला गातेही. पण तिला 'पाहुण्या' म्हणून पुढे खुर्ची, शाल, नारळ देऊ नका, वर्तुळातच बसवा. आणि चहा त्या दिवशी पुरुषांनी करायचा, हे परिषदेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.

---

पापडी_ते_चर्चगेट

चहा मी करतो. ८ मार्चला दुसऱ्या गावातला माणूस आला तर चालेल का तेवढं सांगा.

---

वाडीवरचा (धागाकर्ता)

चालेल. व्यनि (खासगी निरोप) करतो, तिकडे गावाचं नाव सांगतो. दूध किती लागेल याचा अंदाज घेऊन या.